बिस्किटांच्या डब्यातली फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे. माझे तीन दात पडलेले आहेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मोजत बसणार नाही. दोन म्हातारपणाने पडले. तिसरा कसा पडला, ते पुढे येईलच.

रारोटोंगा बेटावरच्या मिरो नावाच्या झाडाच्या लाकडातून मला घडवले ते तुआइने आजीच्या वडिलांनी. आजीच्या मुलाचे केस मी विंचरले, आणि मग त्याच्या मुलाचे, नूरोआचे. मित्रांनो, आमच्याकडे थोरल्या मुलाचे केस कापत नाहीत. चांगले कमरेपर्यंत वाढू देतात. मग एक दिवस ठरतो. मुलाला गोधडी पांघरलेल्या खुर्चीवर बसवतात, केसांच्या बटा करून त्यांना रिबिनी बांधतात, आणि नाव पुकारले की काका, आत्या, मामा, मावशी पुढे येऊन एकेक बट कापतात. खुर्चीवरून उठतो तो मोठा झालेला मुलगा. कात्रीचा मान एका दिवसाचा; त्याआधीची सगळी वर्षे माझी. याचा मला भारी तोरा होता.

रोज शाळेआधी नूरोआची आई, तेरेआपी, त्याला दोन गुडघ्यांत पकडायची.

"हलू नकोस रे, माकडा!"

"दुखतंय!"

"गुंता तू करायचा आणि वर मलाच सांगायचं?"

चुलतभाऊ दारातून ओरडायचा, "बाईसाहेब, वेणी झाली का? चेंडू वाट बघतोय!"

नूरोआ सहा वर्षांचा झाला होता. सोहळ्याला तीन महिने उरले होते, कोणती डुकरे कापायची तेसुद्धा ठरले होते. तेवढ्यात त्याला ताप येऊ लागला. मानेवरचा निळा डाग सगळ्यांच्या आधी मी पाहिला. पण फणीला नुसते दात असतात, तोंड नसते. आठवड्याच्या आत तो, आई, आजी आणि मी विमानाने ऑकलंडच्या मोठ्या रुग्णालयात आलो. नूरोआचे बाबा त्याच्या धाकट्या बहिणींपाशी बेटावर राहिले. रक्ताचा कर्करोग आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

नर्स भली बाई होती. ती म्हणाली, "औषधं सुरू झाली की केस गळतील. आधीच बारीक कापून घ्या. मुलाला कमी त्रास होतो."

"त्याच्या केसांना पहिली कात्री लावायचा मान त्याच्या माणसांचा आहे," आजी म्हणाली. "इथे? या खोलीत? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

तेरेआपीने सासूचे ऐकले. नूरोआला तर कुणी काहीच सांगितले नाही. आणि खरे सांगते, मला आनंद झाला. माझे काम चालू राहणार होते ना!

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तेरेआपीने मला नेहमीसारखे फिरवले. ओढ लागली नाही, गुंता लागला नाही, आणि माझ्या दातांत मूठभर केस आले. नूरोआने डोक्याला हात लावून पाहिला आणि किंचाळला.

"ती माझे केस खातेय! आई, काढ तिला!"

त्याने मला हिसकावून भिंतीवर फेकले. तिसरा दात तेव्हा पडला.

पुढच्या तीन दिवसांत सगळे केस गळाले. आजीने उशीवरचा एकेक केस वेचला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. वर मला ठेवले आणि झाकण दाबून बसवले.

आत मिट्ट काळोख. केस माझ्याभोवती असे गुंडाळले गेले होते की मला कूस बदलता येईना. ऐकू मात्र सगळे येत होते. बाहेरची खोली तरी काय, मोठा डबाच. जंतू लागू नयेत म्हणून खिडकी उघडत नसे. नातेवाइकांनी आणलेले फुलांचे हार दारातून परत जात. नारळाच्या दुधातली कच्ची मासळी नूरोआला जीव की प्राण, तीही बंद.

"आज बाहेर जायचं?"

"पांढऱ्या पेशी वाढल्या की जाऊ."

काही दिवसांनी त्याने विचारायचेच सोडले. मग एका दुपारी तो म्हणाला, "आजी, केस नाहीत म्हणजे माझा सोहळा नाही ना?"

आजीची खुर्ची पलंगाजवळ सरकली.

"मग मी मोठा होणारच नाही?"

न्हाणीघराचे दार लागले आणि नळ जोरात सुरू झाला. ती तेरेआपी होती. आजी म्हणाली, "मोठं व्हायला केस लागत नाहीत रे, बाळा. आणि फणीने नाही खाल्ले ते. औषधाने गळले. गळणार हे मला ठाऊक होतं, तरी तुला सांगितलं नाही. चुकलंच माझं."

"फणीचं नाही?"

"नाही. माझं."

त्याच आठवड्यात त्याचा ताप चढला. माणसे धावली, पलंगाची चाके वाजली आणि खोली रिकामी झाली. डबा कपाटात तसाच राहिला. अकरा दिवस मी त्या काळोखात होते. तो आहे की नाही, हे मला सांगणारे कुणी नव्हते. मित्रांनो, तेवढी लाचार मी कधीच नव्हते.

बाराव्या दिवशी चाके पुन्हा वाजली, आणि एक बारीक, चिडका आवाज आला, "ती पांढरी खीर मी खाणार नाही!" माझा जीव भांड्यात पडला.

आठ महिन्यांनी आम्ही घरी आलो. गोळ्या मात्र पुढे दीड वर्ष चालल्या. डबा कपाटावर धूळ खात पडला. झाकण उघडले तेव्हा नूरोआ नऊ वर्षांचा होता. त्या दिवशी त्याचा सोहळा होता. नवे केस कुरळे आले होते, पण जेमतेम बोटभर. म्हणून आजी डब्यातल्या जुन्या केसांना रिबिनी बांधायला बसली होती.

"ते नकोत," नूरोआ म्हणाला. "ते आजारातले आहेत. हे कापा."

काका हसले. "अरे, कापायचं काय? हवा?"

"हवा तर हवा."

मग त्याने स्वतः हात पुढे केला आणि मला उचलले. कपाळापासून मानेपर्यंत एकदाच फिरवले. पाहतो तर माझ्या दातांत एक केस. तेरेआपीचा चेहरा पांढराफटक पडला.

आजीने चष्मा लावून पाहिले. "एकच आहे," ती म्हणाली. "एवढा तर माझाही रोज गळतो."

नूरोआ खुदकन हसला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

त्याचे रक्त अजून तपासतात. तेरेआपी रोज सकाळी त्याची उशी अजून निरखते. मी आरशापाशी असते, उघड्यावर. मित्रांनो, मला पाण्यात भिजत ठेवू नका, मी लाकडाची आहे. वर्गात कुणी टोपी घालून येत असेल तर ती ओढू नका. आणि मोठे झालात की, घरातल्या आजारी मुलाला काय होणार आहे ते आधी सांगा. लहान आहे म्हणून झाकण लावू नका. आतल्याला सगळे ऐकू येते. मी ऐकले आहे.