उजवीकडचं

हेडफोनच्या उजव्या कपावर कोरलेला 'आर'... हरिओम त्याच्याकडे बघत राहिला; या अक्षराला सगळं माहीत आहे आणि एक दिवस ते बोलणार, अशी त्याची खात्री होत चालली होती. लहानपणी गालगुंड झालं, उजवा कान गेला. हे फक्त आईला ठाऊक, आणि लग्न ठरवताना तिचं ते सांगायचं राहून गेलं... म्हणजे तिनं राहू दिलं. जीपमध्ये, पंगतीत तो कायम उजवं टोक धरून बसतो. त्याच्या गावात, केजमध्ये, लोक त्याला शिस्तीचा समजतात. उमापूरला मुलगी बघायला गेला तेव्हा तिचे मामा नेमके उजवीकडे येऊन बसले, काहीतरी विचारलं, हा 'हो' म्हणाला, सगळे हसले. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला अजून कळलेलं नाही.

आणि आता हा गेम. रविवारी दुपारी आपापल्या फोनवरून तिघं खेळतात: तो, उमापूरची ती मुलगी, आता ठरलेली, धनश्री, आणि तिचा भाऊ भारत. यात शत्रू दिसायच्या आधी ऐकू येतो. पावलं उजव्या कानात वाजली की उजवीकडे वळायचं, इतकं सोपं. हरिओमच्या जगात शत्रू फक्त डावीकडूनच येतात. तो डावीकडे वळतो आणि उजवीकडून मरतो.

"दाजी, त्यो कवाचा वाजतोय तुमच्या कानापाशी," भारत म्हणाला. "तुमी त्यांच्याकडून हाव का?"

हरिओमनं नेटवर्कवर ढकललं. भारत हसला, धनश्री हसली नाही... हे वाईट. हल्ली ती सारखी सांगते, उजवीकडं, जिन्यापाशी, उजवीकडं. भारतला नाही, फक्त मला. कावून? दया असेल. तपासही असेल, मामांना पुरावा लागणारच की. लग्न मोडलं तर उमापूरपर्यंत एकच बोभाटा, पोरगा बहिरा निघाला. अर्धा, असं कुणी म्हणणार नाही.

भारत पाणी प्यायला उठला तशी ती म्हणाली, "ऐका ना. डावीकडचं तुमी बघा. उजवीकडचं मी सांगत जाईन."

"कावून?"

"बरं पडतं."

कुणाला? शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. तो कुणाच्या बाजूनं आला, माझ्या की मामांच्या, तेवढं कळत नव्हतं...

"उजवीकडं," ती म्हणाली.

तो वळला. गेममधला वळला तो वळलाच, पण खाटेवरच्या हरिओमची मानही वळली होती. तिकडे नुसती भिंत होती. तरी तो बघत राहिला, संशयानं, आणि जरा लाजून.