उपाशी बाईसाठी स्वयंपाक

जेलच्या स्वयंपाकघरात मावशीला अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत एकही ताट भरलेलं परत आलं नव्हतं. खुनी खायचे, दरोडेखोर खायचे. फाशीचा एक होता, त्यानं तर शेवटच्या सकाळी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि आता ही कोण कुठली मास्तरीण! तीन दिवस झाले, ताट जसंच्या तसं परत. मावशीचं पित्तच खवळलं.

मास्तरणीचा गुन्हा काय, तर बायकांना मत देता यावं म्हणून तिनं भर सभेत मंत्र्याच्या डोक्यावर दौत उपडी केली. शाई चांगल्या प्रतीची निघाली. मंत्री आठवडाभर निळे फिरत होते. बाईला तीन महिन्यांची शिक्षा झाली. "बायकांना मत मिळत नाही तोवर अन्नाला शिवणार नाही," असं सांगून ती कोठडीत आडवी झाली. बाहेर फाटकाशी तिच्या मैत्रिणी रोज बोर्ड घेऊन उभ्या.

"मत नाही तर नाही," मावशी भांडी आपटत म्हणाली, "पण माझ्या रश्श्यानं हिचं काय घोडं मारलंय?"

चौथ्या दिवशी जेलरसाहेबांनी तिला बोलावलं.

"मावशी, ही बाई इथे मेली तर पेपरवाले माझी सालं काढतील. आता भिस्त तुझ्यावर. असं काही कर की नुसत्या वासानं हिचा हट्ट मोडला पाहिजे. ती ज्या दिवशी खाईल, त्या दिवशी तुझी नोकरी कायम!"

कायम! नियम असा होता की मतदारयादीत नाव असेल त्यालाच कायमची नोकरी, आणि यादीत तर सगळे बाप्ये. म्हणून कागदोपत्री जेलचे कुक होते साहेबांचे साडू. हा गृहस्थ चुलीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचा. अंडं उकडायचं तर पाणी आधी की अंडं आधी, इथपासून तयारी. मावशी रोजंदारीवर. आता साहेब खास मंजुरी आणणार होते. म्हणजे बहिणीच्या जिन्याखालचा संसार संपला, जेलमागच्या दोन खोल्या मिळाल्या, आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

मावशीनं कंबर कसली. त्या दिवशी लोण्यात कांदा परतला. पाचव्या दिवशी कोंबडी. सहाव्या दिवशी केक भाजला, तेव्हा पुरुषांच्या बराकीत मारामारी झाली. मास्तरीण ढिम्म. ताट परत यायचं आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून साहेब ते स्वतः संपवायचे. आठव्या दिवशी त्यांच्या कोटाचं बटण तुटून उडालं. बाई इकडे उपास करत होती आणि बाळसं साहेबांना चढत होतं.

दहाव्या दिवशी मावशी स्वतःच ताट घेऊन कोठडीत गेली. चांगलं झापायचं ठरवूनच गेली होती.

"कोण करतं हो हे?" मास्तरणीनं विचारलं. आवाज पार खोल गेलेला.

"मी करते. नाव साडूंचं."

मास्तरीण हसली, त्यानंसुद्धा तिला धाप लागली. "आमच्या शाळेतही तेच. मावशी, पाचव्या दिवशी कोंबडी होती ना? मिरी तुम्ही अगदी शेवटी घातलीत. म्हणून वास असा गोल आला."

अकरा वर्षांत साहेबांनी नुसते ढेकर दिले होते. साडू तर म्हणायचे, "आज आपल्याला बरं जमलं." आणि हिनं एक घास न खाता मिरी ओळखली!

"एवढं कळतं तर खा ना, बाई!"

"तेच तर," मास्तरणीला रडू फुटलं. "आता नाही राहवत मला. उद्या पुन्हा हा वास आला की मी खाणार. फाटकाशी त्या बायका माझ्या भरवशावर उभ्यात, आणि मी खाणार बघा."

बोलता बोलता तिचा हात ताटाच्या कडेला लागलासुद्धा. मावशी दोन मिनिटं गप्प बसली असती तर दोन्ही खोल्या तिच्या होत्या. तिनं ताट उचललं आणि चालायला लागली. वाटभर ती मास्तरणीला शिव्या देत होती. भुकेल्याला जेवू घालणं तिला ठाऊक होतं; आपल्या अन्नानं कुणाला हरवायचं, याची तिला लाज वाटली.

बाईचा हात ताटाला लागल्याचं पहारेकऱ्यानं साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी तिला जेवताना बघायला खुद्द मंत्री येणार होते. मावशीच्या नोकरीचा कागद टाइप होऊन टेबलावर तयार, फक्त सही बाकी. हुकूम झाला, कोंबडीच करा.

मावशीनं सगळं नेटकं केलं. मग चुलीत आणखी दोन लाकडं सारली आणि स्टुलावर जाऊन बसली. रस्सा आटला. तळाला लागला. रस्सा ढवळायला तिचा हात दोनदा डावाकडे गेला, दोनदा तिनं तो मांडीखाली दाबून धरला. काळा धूर निघाला, बराकी खोकायला लागल्या, साडू पेपरसकट पळाले.

साहेब धावत आले, मागे नाकाला रुमाल लावून मंत्री. कानामागे ते अजून थोडे निळे होते.

"करपलं? तुझ्या हातून?"

"रोजंदारीची बाई मी, साहेब. कायमचे कुक आहेत ना, त्यांना सांगा की."

मंत्र्यांसमोर नाही कसं म्हणणार? साडूंना एप्रन बांधावा लागला. त्यांनी जे काही शिजवलं ते बघून मास्तरणीला एकदम धीर आला.

मावशीला दुपारीच हाकललं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर बायकांनी टाळ्याच सुरू केल्या. त्यांना वाटलं, आपल्यातलीच कुणी सुटली.

"टाळ्या कसल्या पिटताय? मी स्वयंपाकीण आहे. तुमच्या बाईनं अजून खाल्लेलं नाही. मी रस्सा जाळला म्हणून मला काढलं."

त्यांच्यातली एक पोरगी हसली. "अहो मावशी, एवढंच ना!"

"एवढंच?" मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोन्यासारखी कोंबडी होती ती! जन्मात कधी काही करपवलं नाही मी, आणि आज बसून बघत राहिले!"

नोकरी गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती रस्त्यातच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. कुणी हसलं नाही. त्या पोरीनं बोर्ड खाली ठेवला आणि तिच्याशेजारी धुळीत बसली.

"तुमचं ते मत आता मिळालंच पाहिजे," मावशी नाक ओढत म्हणाली. "नाहीतर माझा रस्सा फुकट गेला."