दूध देणारा समुद्र

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या बादली. आमच्या शेजाऱ्याने तर अंघोळीचं घंगाळच उचलून आणलं होतं. फेसबाबा वरच्या पायरीवर उभा राहिला आणि ओरडला, “आई, लेकरं भुकेली आहेत! सोड दूध!”

थोड्याच वेळात भरतीबरोबर पांढराशुभ्र फेस पायऱ्यांना लागला. लोक एकमेकांच्या अंगावर पडून तो भरून घेऊ लागले.

“मधुमेह, मूळव्याध, मुलाचं लग्न, सगळ्यावर एकच औषध!” बाबा म्हणाला. मुलाचं लग्न हाही आजार आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी पोटभर हसलो असतो, पण सगळ्यांच्या पुढे माझी आई होती. मधुमेहाने चिघळलेला पाय ती रोज त्या फेसात बुडवायची. माझी ताई बंदराच्या दवाखान्यात डॉक्टर. तिने हात जोडून सांगितलं होतं, “आई, अशाने पाय कापावा लागेल.” पण पिकतं तिथे विकत नाही. आई म्हणायची, “तू नुसत्या गोळ्या देतेस. त्याच्या हाकेला समुद्र येतो!”

ताईने वाद सोडला. खाडीच्या तोंडाशी महिनाभरापासून एक प्रवासी जहाज नांगरलं होतं. त्यावरच्या तापाने पडलेल्या खलाशाला तपासायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली आणि परतून धक्क्यावर माझ्या शेजारी उभी राहिली. तिची बोटं लालभडक होती.

“हे काय गं?”

“गप्प बस. गंमत बघ.”

बाबाने हाक मारली. समुद्राने दूध सोडलं, पण गुलाबी!

बाबा चाचरला, पण गडी मुरलेला. “आई कोपली! गर्दीत कुणीतरी पापी आहे!”

“मीच ती,” ताई पुढे झाली. “जहाजाच्या संडासात कपडे रंगवायचा रंग ओतला आणि साखळी ओढली. धुलाईचं साबणपाणी आणि संडासाचं पाणी तिथे एकाच टाकीत जातं. किनाऱ्यावरून मैल्याचा टँकर मागवायचा कंटाळा, म्हणून रोज कपडे धुऊन झाले की टाकी खाडीत सोडतात. वेळ बाबांना पाठ आहे. त्याच जहाजावर धोबी होते ते. धुलाईखोलीत त्यांचा फोटो आहे अजून.”

मग जे थुंकणं सुरू झालं! शेजाऱ्याने घंगाळ तिथेच उपडं केलं. बाबा कुणालाही हाक न मारता सटकला.

आईने आपल्या पायाकडे बघितलं. “मग मी पाय कशात बुडवत होते?”

“अख्ख्या जहाजाच्या संडासात, आई.”

आई काठी टेकत थेट बंदर कचेरीत आलेल्या जहाजाच्या कप्तानापुढे उभी राहिली. तो म्हणाला, “आजी, समुद्र केवढा मोठा! एवढ्याने काय होतंय?”

“तुझं घरही मोठं असेल. म्हणून दिवाणखान्यात संडासला बसतोस का?”

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर टँकर आला, जहाजाला पाइप लागला. आईचा पाय वाचला, करंगळी मात्र गेली. त्या बाबाला मी अजून माफ केलेलं नाही.

समुद्र कुणाच्या हाकेला ओ देत नाही. आपण जे सोडतो, तेच तो भरतीला परत आणून देतो. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी नळ कुणी सोडलाय ते बघा, आणि आधी तो बंद करायला लावा.