वाकडा शिक्का

आमच्या विद्यापीठात वेबसाइट सांभाळणारी मी एकटीच. म्हणून प्रिंटर अडला तरी मला हाक, आणि कुलगुरूंचा फोटो होमपेजवर लहान दिसला तरी मलाच. सहा वर्षांत मी थकले नाही, विटले.

तग धरला तो एका वेडापायी. माझे वडील अण्णा, म्हणजे बजरंग पेंटर, देवळाली प्रवरेत उसाच्या ट्रॉल्यांवर आणि दुकानांवर अक्षरं काढायचे. आधी फ्लेक्स आले, मग हाताला कापरं भरलं. ब्रश सुटला तसा मी त्यांना सुप्याला माझ्याकडे आणलं. जुन्या पाट्यांचे फोटो काढून, दोन वर्षांचे रविवार घालवून त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट केला. विद्यापीठाची नवी साइट त्यातच करायची, असं ठरवलं होतं. अण्णा रोज विचारायचे, "निके, पाटी कधी लागती?"

सोमवारी सकाळी लागली. आठवडाभराच्या सात सूचना अण्णांच्या अक्षरांत झळकल्या आणि मला वाटलं, झालं बाई एकदाचं.

साडेदहाला कुलसचिव शामकांत सरांनी बोलावलं. "मॅडम, या सूचनांवर सही कुठंय? शिक्का कुठंय?"

"सर, वेबसाइट आहे. अक्षरं थेट वाचता येतात."

"सहीशिवाय सूचना ग्राह्य नाही. प्रिंट काढा, सही घ्या, स्कॅन करून टाका."

म्हणजे कॉम्प्युटरवरचं कागदावर आणायचं आणि कागदावरचं परत कॉम्प्युटरवर. आलिया भोगासी असावे सादर! सातही कागद काढले. सरांनी न वाचता सह्या ठोकल्या, कानिफनाथ शिपायाने धडाधड शिक्के मारले, मी स्कॅन करून चढवले.

दुपारी पुन्हा बोलावणं. कुलगुरूंनी साइट पाहिली होती. सर म्हणाले, "ते म्हणतात, ही अक्षरं ट्रॉलीमागं लिहितात तशी दिसतात. आजच काढा."

तशी दिसणारच होती. जागेवर येऊन कोडमधली फॉन्टची एक ओळ बदलली. दोन वर्षांचे रविवार एका ओळीत गेले. फार वाईट वाटलं, रागही आला, पण भांडायचं त्राण नव्हतं.

साइटभर नेहमीची अक्षरं आली. सात स्कॅन मात्र अण्णांच्या अक्षरांतच राहिले, चित्रातली अक्षरं बदलत नाहीत. प्रामाणिकपणे सरांना विचारलं, "ते सात कागद नव्याने काढू का?"

सर दचकले. "छे! सही झालेल्या कागदाला हात लावायचा नसतो."

संध्याकाळी घरी पोचते तोच अण्णांनी विचारलं, "लागली?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "अण्णा, बाकी सगळं काढलं. एवढंच राहिलंय." परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीची सूचना उघडून मोबाईल हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. मोबाईल हातात हलत होता, म्हणून मी खालून हात धरला.

"अक्षरं बरी उतरलीत," ते म्हणाले. "पन शिक्का लई वाकडा हाय. कुनी मारला?"

"कानिफनाथने. आमचा शिपाई."

"त्याला सांग, कोपर टेकवून मारत जा. कोपर टेकलं की हात हालत न्हाई."

मोबाईल अजून हलतच होता. मी म्हटलं, "सांगते, अण्णा."