तीन फुटांचा गोल

आवटेंच्या शोरूममध्ये प्लाझ्मा टेबलानं पत्र्यातून एक गोल कापला, आणि तेवढाच गोल वीस मैलांवरच्या आमच्या शेडच्या भिंतीतून बाहेर पडला. माझ्या बहिणीचा, विमलचा, लगेच फोन आला.

"दादा, भिंतीला भोक पडलंय. घमेल्याएवढं."

मी आवटेंना सांगितलं. हातातला चहा खाली न ठेवता ते म्हणाले, "कड कशी आलीय विचारा."

विमलनं बोट फिरवून पाहिलं. "खरखरीत आहे. खाली वितळलेल्या लोखंडाची मळी चिकटलीय."

"मग हे टेबल तुमच्या कामाचं नाही," आवटे म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

आम्ही ट्रॉल्यांचे सांगाडे बनवतो. बावीस वर्षं सगळा पत्रा दाजींनी, विमलच्या नवऱ्यानं, गॅस कटरनं हातानंच कापला. गेल्या दिवाळीपासून त्यांचा हात थरथरतो. खडूची रेघ एकीकडे, काप दुसरीकडे. हा विषय त्यांच्याजवळ कोणी काढला नव्हता. 'काम वाढलंय, संगणकावर चालणारं टेबल बघून येतो,' एवढंच मी सांगितलं होतं.

दुसऱ्या टेबलानं चौकोन कापला. आमच्या छताचा चौकोनी तुकडा खाली आला. विमल म्हणाली, कड तिरकी आहे. आवटेंनी मान हलवली.

"आता तिसरं. तुम्ही जास्तीत जास्त केवढं कापणार?"

"तीन फुटांचा गोल."

त्यांनी आकडा भरला. टेबलाचा कापणारा टॉर्च पत्र्यावर उतरला, निळा ठिपका पेटला आणि सरकू लागला.

"दादा," विमल हळू आवाजात म्हणाली, "जमिनीत चीर पडायला लागलीय. यांच्या भोवती."

"त्यांना बाजूला व्हा म्हणावं."

"म्हटलं. म्हणतात, इतका नेटका काप कधी बघितला नाही, पुरा होऊ दे."

"कड?" आवटेंनी विचारलं.

"आरशासारखी," विमल म्हणाली.

"मशीन बंद करा," मी म्हणालो.

"बटण तिकडं आहे. तुम्हीच करा."

लाल बटण टेबलाच्या टोकाला होतं. मी चालू लागलो तसं टेबल लांबत गेलं. टॉर्च मात्र माझ्या शेजारीच राहिला. गोल अर्ध्याच्या वर आला होता.

फोनवर दाजी आले. "पाहुणं, एक विचारतो. टेबल माझ्या हातामुळं घेताय का?"

"नाही दाजी. काम वाढलंय."

टेबल आणखी लांबलं. बटण आता शर्टाच्या गुंडीएवढं दिसत होतं.

"मला सांगितलं असतं तरी चाललं असतं," दाजी म्हणाले. मागून विमल त्यांना हाक मारत होती.

"होय दाजी," मी म्हणालो. "तुमच्या हातामुळंच."

बटण माझ्या पोटाशी होतं. मी ते दाबलं. टॉर्च विझला.

गोल पुरा व्हायला बोटभर पत्रा उरला होता.

"ठीक आहे," दाजी म्हणाले, आणि फोन बंद झाला.

माझ्यासमोरचा गोल हळूहळू एका अंगाला कलू लागला. बोटभर पत्र्याला बाक आला. मी दोन्ही हात खाली घालून तो तोलून धरला. पत्रा अजून तापलेला होता, आणि त्याला एका माणसाचं वजन होतं.