दुसरं तिकीट

बायको गेली त्याला तीन महिने झाल्यावर धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी मेहुणी, बायकोची लहान बहीण. तिनं तब्येत विचारली, जेवलात का विचारलं, आणि मग म्हणाली, "भावजी, ती बोटीची तिकिटं सापडली का?"

"कसली बोट?"

"नदीतली. समुद्री चाच्यांची सफर. ताईनं दोन तिकिटं काढली होती. मुदत संपत आली असेल."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी शिंपी आहे. दुकान खाली, घर वर. कापायचं आणि शिवायचं मी, काजं-बटणं आणि बायकांचे कपडे तिच्याकडे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही चौतीस वर्षं बसलो. माझ्या नकळत तिची सुईसुद्धा हलत नाही असा माझा समज होता. फोन ठेवला आणि तिच्या मशीनचा खण उघडला. बॉबिनच्या डब्याखाली पाकीट होतं. आत दोन तिकिटं. पन्नास मिनिटांची सफर, पोशाखासहित.

एक तिकीट तिचं, यात वाद नव्हता. दुसरं माझं, असं मी धाकटीला कळवलं.

"तुमचं कसं?" ती म्हणाली. "ताईनं मला विचारलं होतं, येशील का म्हणून. मी हो म्हटलं होतं."

"मला न सांगता न्यायचं असेल. तिकिटं लपवून कशाला ठेवली मग?"

"लपवली नव्हती. तुम्ही तिचा खण कधी उघडलात?"

हे खरं होतं. दुसरंही एक खरं होतं, ते तिनं लगेच काढलं. "तुम्ही चौतीस वर्षांत तिच्याबरोबर कुठे गेला आहात का? कधी लग्नसराई, कधी शाळांचे युनिफॉर्म. आणि काही नसलं की तुमचे पाय दुखायचे."

पंधरा दिवस हे चाललं. मी फोन केला की ती म्हणायची, माझं तिकीट जपून ठेवा. ती फोन करायची तेव्हा मी म्हणायचो, माझं तिकीट जपून ठेवलंय. शेवटी माझी लेक कंटाळली. "बाबा, तिकिटं दोन, माणसं दोन. मावशीला घेऊन जा आणि तिथे काय ते भांडा."

पण त्यानं प्रश्न मिटला नाही. धाकटी म्हणाली, मी माझ्या तिकिटावर येते, तुम्ही ताईच्या तिकिटावर या. मी म्हटलं, उलट. लेकीला हे हसण्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. ते तिकीट माझं असेल तर इतक्या वेळा नाही ऐकूनही बायको माझी वाट बघत होती. माझं नसेल तर तिनं माझा नाद सोडला होता, आणि टेबलाच्या पलीकडे बसून मला ते कळलं नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं, की ते माझं निघावं.

रविवारी दुपारी धक्क्यावर पोचलो. तिथे एक मुलगी पोशाख वाटत होती. ओठांवर काजळानं मिशी काढलेली. तिनं आमची तिकिटं बघितली आणि हसली.

"तुमचं बुकिंग आठवतंय मला. फॉर्मवर सगळे स्मॉल, मीडियम, लार्ज लिहितात. तुमच्याकडून पूर्ण मापं आली होती, इंचांत. आमचा कपडेवाला म्हणाला, जन्मात पहिल्यांदा कुणी मला माणसासारखं वागवलं."

तिनं दोन पिशव्या पुढे केल्या. प्रत्येकीला फॉर्मचा तुकडा टाचलेला होता. अक्षर बायकोचं. धाकटी पर्समध्ये चष्मा शोधत होती, तोवर मी दोन्ही वाचले.

पहिला: छाती छत्तीस, शोल्डर साडेचौदा, बाही एकवीस. हे बायकोचं. दुसरा: छाती बेचाळीस, शोल्डर पंधरा, बाही वीस, दंडात सैल.

माझं शोल्डर अठरा आहे. आणि "दंडात सैल" हे दोन शब्द आमच्या मापाच्या वहीत एकाच माणसापुढे तीस वर्षं लिहिलेले आहेत. ते माणूस माझ्या शेजारी उभं राहून चष्मा पुसत होतं.

त्यानंतर मी जे केलं ते मला शोभलं नाही, पण केलं. दुसऱ्या पिशवीवरचा तुकडा ओढून खिशात घातला आणि पहिली पिशवी धाकटीच्या हातात दिली.

"ही ताईची. तू घाल. ही माझी."

तिनं तुकडा वाचला. "हे ताईचंच आहे. आणि तुमच्यावरचं?"

"माझ्यावर काही नव्हतं. पडलं असेल."

ती आणखी काही विचारायच्या आत मी कोट चढवला. चाच्यांचा लाल कोट, मोठी कॉलर, पितळेची बटणं. शोल्डर इतकं अरुंद की हात खाली जाईनात, हँगरला लटकल्यासारखे बाजूला राहिले. बाही मनगटाच्या चार बोटं वर. दंडात मात्र ऐसपैस. बटणं लावताना बोटं अडखळली, पण मला घाई होती. धाकटीला ताईचा कोट चढेचना. तिनं तो खांद्यांवर नुसता टाकला.

"छान बसलाय तुम्हाला," ती म्हणाली.

"चाच्यांचे कपडे असेच असतात."

बोट सुटली. पन्नासेक माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर कवटीच्या टोप्या. कप्तान म्हणून एक तिशीचा माणूस होता. एका डोळ्यावर काळी पट्टी, हातात तलवार, कॉलरला माइक. पट्टी कधी डाव्या डोळ्यावर असायची, कधी उजव्या. ज्या काठाची माहिती सांगायची त्या बाजूचा डोळा तो मोकळा ठेवत होता.

"उजवीकडे पाहा. लुटारूंची गढी."

ती विमा कंपनीची काचेची इमारत होती. सगळे हसले. मागच्या बाकावरचे चौघे हसले नाहीत. ते त्याच कंपनीतून सहलीला आले होते.

"डावीकडे करभवन. इथे आपण हल्ला करत नाही. ते आपल्यावर करतात."

यावर ते चौघेही हसले. पुढे पाणी शुद्ध करायचं केंद्र लागलं, त्याला त्यानं विषाचं तळं म्हटलं. मग एक लहान तोफ उडाली आणि तिच्यातून बराच धूर आणि थोडा आवाज निघाला. मी ऐकत होतो, पण डोळे कप्तानाच्या कोटावर होते. उजव्या बगलेत शिवण उसवत होती. आत कापडच सोडलेलं नव्हतं, एकच टीप, तीही सैल. प्रत्येक वेळी तलवार वर गेली की दोन टाके जायचे. मी मोजत होतो.

पुलाखाली तो ओरडला, "चाच्यांनो, चढाई." बाही खांद्यापासून सुटली आणि कोपरावर आली.

लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. मला राहवलं नाही. माझ्या सदऱ्याच्या कॉलरखाली दोऱ्यासकट सुई असते, तशी ती चाळीस वर्षं आहे. उठलो, पुढे गेलो, म्हटलं, "हलू नका. बोलायचं असेल तर बोला."

तो चांगला माणूस होता. हात वर धरून उभा राहिला आणि जुन्या गोदामांची माहिती देत राहिला. मी उलटी टीप घालत होतो. धाकटी मागोमाग आली, कात्री द्यायला. तिच्या पर्समध्ये ताईची लहान कात्री असते. ती देताना माझ्यासमोर उभी राहिली आणि तशीच राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमची बटणं डाव्या बाजूला आहेत."

मी खाली बघितलं. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे. बायकांचा कोट. चाळीस वर्षं धंदा केला, कुठलाही कोट हातात आला की पहिली तीच गोष्ट बघितली, आणि अंगावर चढवताना मला ती दिसली नाही.

"छातीला टक्स पण आहेत," ती म्हणाली. "हा कोट माझा आहे. चिठ्ठी काढा."

"कसली चिठ्ठी?"

"खिशातली. उजव्या. मघापासून चारदा चाचपलीत."

कप्तानाचं बोलणं थांबलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही की त्याच्या कॉलरचा माइक आमच्या दोघांच्या तोंडाशी होता आणि बोटीच्या चारही कर्ण्यांतून आमचं भांडण ऐकू जात होतं.

"सुई आहे हातात," मी म्हटलं. "नंतर देतो."

"म्हणजे आहे."

मागून विमा कंपनीतला एक जण म्हणाला, "काका, देऊन टाका. लपवलेली कागदपत्रं आमच्याकडे शेवटी सापडतातच."

मी टीप पुरी केली, गाठ मारली, दोरा कापला. मग खिशातून तुकडा काढून तिला दिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक बाहीसाठी. कप्तानानं हात तीनदा वरखाली करून पाहिला आणि माइकमध्ये म्हणाला, "हे आमच्या बोटीचे शिंपी," आणि पुन्हा गोदामांकडे वळला.

आम्ही जागेवर येऊन बसलो. धाकटीनं चिठ्ठी वाचली. मला वाटलं, आता ही पंधरा दिवसांचं उट्टं काढणार. ती "दंडात सैल" या शब्दांवर बोट ठेवून बसली.

"जिंकलीस," मी म्हटलं. "तिकीट तुझं. तिनं मला धरलंच नव्हतं."

"धरलं नव्हतं कसं?" तिनं चष्मा काढला. "ती म्हणाली, आधी आपण दोघी जाऊन येऊ. बाकाला पाठ आहे का बघू, गोंगाट किती आहे बघू, बोटीवर संडास आहे का बघू. सगळं नीट असलं तर पुढच्या खेपेला ह्यांना आणीन. एकदा आणलं आणि आवडलं नाही, तर पुढची वीस वर्षं तेच ऐकावं लागेल."

बोट वळत होती. मी काठाकडे बघत बसलो. बायकोनं कच्च्या शिलाईवर घालून बघितल्याशिवाय एकही कपडा पक्का केला नव्हता. गिऱ्हाईक घाईत असलं, रागावलं, तरी नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पहिल्याच फोनला म्हणालात, तिकीट माझं." तिनं सँडविचचा कागद उलगडला आणि अर्धं मला दिलं. "आणि मी ताईची कच्ची शिलाई होते, हे आपल्या तोंडानं कशाला सांगू?"

ती हे माझ्या समाधानासाठी बनवून सांगत असेल, असं क्षणभर वाटून गेलं. पण संडासाचं कुणाला बनवून सुचणार नाही. त्याची काळजी फक्त बायको करायची. माझ्यासाठी रस्त्यातली प्रत्येक जागा तिला माहीत असायची.

"तुमच्याबद्दल आणखी एक म्हणाली होती," धाकटी म्हणाली. "ह्यांना आणलं तरी हे नदी बघणार नाहीत. लोकांच्या शिवणी बघत बसतील."

उठून मागे गेलो आणि बघून आलो.

"आहे," मी म्हटलं. "स्वच्छ आहे. कडी ढिली आहे जरा."

"बाकाला पाठ आहे."

"आहे. पण थोडी सरळ आहे."

"चालेल तेवढी," धाकटी म्हणाली, आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

धक्क्यावर उतरल्यावर मिशीवाल्या मुलीनं कोट परत घेतले. "पुढच्या महिन्यात अंतराळवीरांची सफर आहे. याच बोटीवर."

"अंतराळवीर नदीत काय करणार?" मी विचारलं.

"उतरतात ते पाण्यातच."

धाकटीनं दोन फॉर्म घेतले. स्वतःचा भरला, दंडात सैल लिहिलं, आणि माझ्याकडे वळली. "मापं सांगा."

इथे पंचाईत होती. शिंप्याला स्वतःचं शोल्डर मोजता येत नाही, हात मागे पोचत नाहीत. माझी मापं बायको घ्यायची. शेवटची वहीत दोन वर्षांपूर्वीची होती. मी खिशातली टेप काढून धाकटीला दिली आणि धक्क्याच्या कठड्याला धरून पाठमोरा उभा राहिलो. माणसं बाजूनं जात होती. तिनं टेप उलटी धरली होती.

"शोल्डर बेचाळीस."

"आकडे उलट्या टोकाचे वाचतेस. फिरव."

"अठरा. ताई कशी सहन करत होती तुम्हाला?"

"बोलायची नाही. टाचणी असायची तिच्या तोंडात. कंबर घे."

तिनं टेप कमरेभोवती फिरवली, काढली, परत फिरवली. माझ्या पट्ट्याला मी दोन नवीन भोकं पाडली होती, ती तिनं बघितली.

"वहीत किती आहे?" तिनं विचारलं.

"अडतीस."

ती फॉर्म कठड्यावर ठेवून लिहायला लागली. मी वाकून बघितलं. तिनं अडतीस लिहिलं होतं.

"चौतीस आहे," मी म्हटलं. "टेप मलाही दिसते."

"महिना आहे अजून. उद्यापासून दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे."

"तुझ्या हातचं जेवून छत्तीसच्या पुढे जाणार नाही. छत्तीस लिही."

"फॉर्मवर खाडाखोड चालत नाही," धाकटी म्हणाली, आणि मिशीवाल्या मुलीकडे फॉर्म देऊन टाकला.