शेवटी बोलणारा

“रबर आहे,” नकटी म्हणाली. “टाकीला नवी नळी जोडलीय ना, तिचा वास उतरलाय.”

“रबर कसलं? धूर आहे,” चश्मिस म्हणाला. “मेस्काल आहे ही. धूर नाही येणार तर काय येणार?”

दोघांनी आपापले ग्लास पांढऱ्या टेबलावर ठेवले आणि नाकसाहेबांकडे पाहिलं. नाकसाहेबांनी ग्लास तिरपा केला, ओठ किंचित उघडे ठेवून नाक आत घातलं आणि डोळे मिटले. पाहणाऱ्याला वाटावं, आत मोठा विचार चाललाय. आत काहीही चाललेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

कंपनी टकीला आणि मेस्काल या परदेशी दारू पिंपांतून आणायची, वेगवेगळ्या मोठ्या टाक्यांत ओतायची आणि बाटल्यांत भरायची. भरण्याआधी या खोलीतल्या तिघांचा होकार लागे. सर्वांत नव्या माणसाने आधी बोलायचं आणि सर्वांत जुन्याने शेवटी, हा नियम नाकसाहेबांचाच. नाहीतर नवी माणसं मोठ्यांच्या होला हो मिळवतात. नियम चांगला होता, फक्त हल्ली त्याचा फायदा भलत्यालाच होत होता. दोघं काय म्हणतात ते नाकसाहेब लक्षपूर्वक ऐकत, त्यात पदरचं थोडं मिरं, थोडी ओली माती घालत आणि निकाल देत. आजवर दोघांचं पटत आलं म्हणून निभावलं होतं.

त्यांनी एक घोट घेतला. जिभेला तिखटपणा कळला, पुसटसा गोडवा कळला, घशाला ऊब कळली. जीभ एवढंच सांगते, बाकीची चव नाकाची असते, हे त्यांनीच किती जणांना शिकवलं होतं. टाकीवर तर मेस्काल लिहिलेलंच होतं.

“धूर,” नाकसाहेब म्हणाले.

चश्मिसने चष्मा पुसला. नकटीचा चेहरा पडला. तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि न हुंगताच खाली ठेवला. परवा ही टाकी बाटल्यांत भरायला घ्यायची, असं ठरलं.

नाकसाहेब या कंपनीत आले तेव्हा टकीला म्हणजे मीठ चाटायचं, एका दमात ढोसायचं आणि लिंबू चोखायचं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. हे सगळं वाईट दारूची चव लपवायला असतं, असं ते तोंडावर सांगत, त्यामुळे त्यांना लग्नकार्यात फारसं कोणी बोलवत नसे. घायपाताच्या एका निळसर जातीपासूनच टकीला होते, बाकीच्या जातींची दारू म्हणजे मेस्काल आणि तिची भावंडं. पानं छाटली की खाली अननसासारखा गड्डा उरतो. टकीलासाठी तो वाफेवर शिजवतात. मेस्कालसाठी जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर भाजतात, म्हणून तिला धूर लागतो. हे सगळं सांगून झालं की ते नवख्याच्या तळहातावर दोन थेंब टाकत आणि हात चोळायला लावत. “आता थांब. मद्यार्क उडून जाऊ दे. उरेल तो घायपात.” मग नवख्याला भाजलेल्या रताळ्याचा वास येई आणि तो चकित होऊन हसे. नाकसाहेबांना या हसण्याची चटक होती.

या नाकाची घरातही बडदास्त होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोची पावडर बंद केली. मग अत्तर गेलं, मग सुवासिक साबण. कामाच्या दिवशी सकाळी लसणाची फोडणी नाही. कपडे बिनवासाच्या पावडरीत धुवायचे. पाहुणी कोणी घमघमत आली, की बायको तिला ओटीवरच बसवे आणि मग ओटीवरच्या गप्पा लांबत. तिने कधी कुरकुर केली नाही, असं नाकसाहेब सांगत. ती करत असे. त्यांचं लक्ष नसे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नकटी त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कंपनीतल्या सर्वांत धारदार नाकाच्या या मुलीचं नाक पार चपटं होतं, म्हणून हे नाव. ती स्वतःच सगळ्यांना सांगे, देवाने बाहेरची बचत करून आत खर्च केलाय. आज ती तसलं काही बोलली नाही.

“साहेब, मला गोदामात टाका.”

“का?”

“नाक बिघडलंय माझं. कालपासून मला प्रत्येक ग्लासात रबर येतंय. जेवताना डब्यातसुद्धा येतंय. चश्मिस म्हणतो, असं होतं, एकदा विश्वास गेला की नाक परत येत नाही. या महिन्यात मला कायम करणार होते. त्याआधी मीच बाजूला होते. कोणी बाहेर घालवण्यापेक्षा ते बरं.”

नाकसाहेबांना वाटलं, आता मूग गिळून गप्प बसावं. ही गोदामात जाईल, दुसरी येईल. नवी आधी बोलेल, आपण ऐकू. निवृत्तीपर्यंत सहज ओढता येईल. हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“तुझं नाक ठीक आहे,” ते म्हणाले. “माझं गेलंय.”

“माझी समजूत काढू नका, साहेब.”

“समजूत नाही काढत. हिवाळ्यापासून मला काही येत नाही.”

“काल तर तुम्ही धूर म्हणालात!”

“चश्मिस म्हणाला म्हणून म्हणालो.”

तिचा विश्वास बसेना. आपल्या गुरुजींना वाचताच येत नाही, असं कोणी सांगावं तसा तिचा चेहरा झाला. मग ती एकदम वळली, बाहेर गेली आणि पाठीमागे हात धरून परत आली. “डोळे मिटा,” तिने हुकूमच केला. नाकसाहेबांनी मिटले. ओठ किंचित उघडे ठेवले. वाट पाहिली.

“हं. दे.”

त्यांनी मान थोडी पुढे केली.

“दे ना गं.”

“दिलंय, साहेब,” ती म्हणाली. “नाकाखालीच धरलंय.”

त्यांनी डोळे उघडले. तिच्या हातात फिनेलची उघडी बाटली होती. सफाईवाला बादलीत झाकणभर टाकतो, तेव्हा जिना उतरेपर्यंत ज्याचा वास पाठ सोडत नाही, ते फिनेल. तिने घाईघाईने झाकण लावलं. दोनदा आटे चुकले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते स्वतःच्या सुटकेचं की साहेबांच्या दुःखाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“टाकी थांबव,” नाकसाहेब म्हणाले. “नळी काढायला सांग. मी वर जाऊन येतो.”

वर मॅनेजर होते. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मग व्यवहाराचं बोलले. “तुम्ही नुसते बसा हो त्या खोलीत. तुमचं नाव मोठं आहे. कोणाला कळणार आहे?”

“तिला कळलंय,” नाकसाहेब म्हणाले. “आणि मला.”

खाली चव घ्यायच्या खोलीत येऊन त्यांनी कपाटातला आपला ग्लास काढला, धुतला आणि नकटीच्या पुढ्यात ठेवला. “उद्यापासून शेवटी तू बोलायचं.”

“जमणार नाही हो मला. तोंड आवरत नाही माझं.”

“मग ओठ आवळून बस. मी नाही का बसलो?” यावर दोघंही हसली. चश्मिस मात्र भिंतीकडे पाहत राहिला.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “हिवाळ्यापासून?” तिने विचारलं. मग सदरा पलंगावर आपटला. “अहो, परवा मी लसूण चुकून जास्त परतला म्हणून दारं-खिडक्या उघडून वारा घालत बसले होते! आणि तुम्ही समोर बसून गप्प?” ती बराच वेळ बोलत होती. जन्मभराचं बोलली. नाकसाहेबांनी मध्ये तोंड उघडलं नाही, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. शेवटी ती दमली आणि त्यांच्या शेजारी बसली. “परत नाही येणार?” “डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.” तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच राहिला.

रविवारी ती एकटीच बाजारात गेली आणि सुवासिक साबणाची एक वडी घेऊन आली. दुकानात कुठला घ्यावा ते तिला कळेना. शेवटी कागदाचा रंग पाहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. जरा लाजल्यासारखी.

“कसा आहे?” नाकसाहेबांनी विचारलं.

“चांगला आहे.”

“चांगला म्हणजे?”

“साबणासारखा. मला काय कळतं त्यातलं?”

“घाई करू नकोस. मनगट नाकाशी धर. तोंड थोडं उघडं ठेव. हं, आता घे.”

तिने वास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. “लिंबू,” ती म्हणाली. मग मान हलवली. “नाही. लिंबू नाही. लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो ना, तो.”

“आणि?”

तिने पुन्हा मनगट वर नेलं आणि डोळे मिटले. नाकसाहेब खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि ती काय म्हणते त्याची वाट पाहू लागले.